दोन इंचांची म्हातारी

२ मार्च, रविवार

सासूबाई आल्या. घोटा मोडलाय. पायाला प्लॅस्टर, बरोबर तीन बॅगा आणि एक भिंग. मुक्काम सहा आठवडे. घरात जास्तीची खोली एकच, माझी रंगकामाची. ती हिने परस्पर देऊन टाकली. ‘तुझं टेबल राहू दे की तिथेच. आईला तुझ्या बाहुल्यांचा काय त्रास?’

बाहुल्या! लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीस वर्षं सांगतोय की त्यांना मिनिएचर म्हणतात. धातूचे, दोन इंची, हाताने रंगवलेले सैनिक. बाहुल्यांना आडवं केलं की त्या डोळे मिटतात. माझ्या सैनिकांनी आजवर डोळे मिटलेले नाहीत.

४ मार्च, मंगळवार

पलंग आणि टेबल यांत दीड हात अंतर. मी घोडेस्वाराच्या चेहऱ्यावर शेवटचा हात फिरवत होतो. सासूबाई उशीला टेकून भिंगातून बघत होत्या.

‘हा कोण?’

‘सेनापती. लढाई जिंकून परत येतोय.’

‘मग पोट का दुखतंय त्याचं?’

मी पाहिलं. दुखत होतं. आता दुसरं काही दिसेचना. दोन महिन्यांचं काम होतं. सेनापतींची रवानगी कपाटात, मागच्या रांगेत.

९ मार्च, रविवार

मंडळाची बैठक. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण जमतो. वयं साठीच्या आगेमागे, चष्मे जाड, आणि प्रत्येकाची खात्री की बाकीचे पाच नवशिके आहेत. अध्यक्ष गुरांचे निवृत्त डॉक्टर. कुठलीही मूर्ती हातात घेतली की आधी तिचे पाय तपासतात. दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे दंतवैद्य. फोटो त्याचे सगळ्यांत चांगले, कारण दातांचे फोटो काढायची लेन्स तो दवाखान्यातून उचलून आणतो. त्याच्या फोटोतला प्रत्येक शिपाई ‘आ’ करून बसल्यासारखा दिसतो, ही गोष्ट वेगळी.

१३ एप्रिलला प्रदर्शन. या वर्षी अध्यक्षांनी टूम काढली की सगळ्यांनी एकच मूर्ती रंगवायची. हातात कंदील धरलेली म्हातारी. धातूत नाकाचा आणि कपाळाचा उंचवटा तेवढा आहे, बाकी सगळा चेहरा रंगाने करायचा. आधी फोटो पाठवायचा. ज्याचा पहिला नंबर येईल त्याने प्रदर्शनात सगळ्यांसमोर दुसऱ्या म्हातारीचा चेहरा रंगवून दाखवायचा.

आयुष्यभर तलवारी आणि बूट रंगवलेली सहा माणसं. बाईचा चेहरा नीट पाहायची वेळ कुणावरच आली नव्हती.

दोन-दोन कोऱ्या म्हाताऱ्या घेऊन घरी आलो.

१३ मार्च, गुरुवार

झगा उत्तम झाला. कंदिलाची काच तर अशी जमलीय की हात भाजेल. चेहरा मात्र उकडलेल्या बटाट्यासारखा. थिनरने पुसला. पुन्हा केला. आता बटाट्याला मिशा आल्यासारखं वाटतंय.

पुन्हा पुसला.

१६ मार्च, रविवार

चेहरा नाही तर नाही, निदान झग्याचा फोटो काढून बघू म्हणून दिवे लावले. दोन्ही बाजूंनी दोन, पुस्तकात लिहिलंय तसे.

सासूबाई म्हणाल्या, ‘किती सूर्य आहेत तुमच्याकडे?’

‘म्हणजे?’

‘दोन्हीकडून उजेड मारलात तर सावली कुठे जाईल बिचारी? एक विझवा. दुसऱ्यासमोर बटर पेपर धरा. आता थोडा वर. वर म्हणजे छताला नव्हे.’

फोटो बघितला. झग्याची एकेक चुणी हाताला लागेल अशी.

त्या फोटो स्टुडिओत नोकरीला होत्या हे मला माहीत होतं. गल्ल्यावर बसत असतील असं मी धरून चाललो होतो. विचारायची गरज वाटली नाही कधी. एकतीस वर्षं रिटचिंग केलंय म्हणे! निगेटिव्हवर पेन्सिल आणि ब्रश. ‘देवीचे व्रण बुजवले, टकलांवर केस उगवले, मिटलेले डोळे उघडले. एकदा तर मेलेल्या माणसाचे उघडले. घरच्यांकडे त्याचा दुसरा फोटो नव्हता.’

एवढं सांगून चहात साखर कमी आहे म्हणाल्या.

१९ मार्च, बुधवार

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. आज बाजारात एकवीस तराजू पाहिले, तिघांना नोटिसा दिल्या. संध्याकाळी घरी येऊन खोलीत शिरलो तर टेबलावर म्हातारी उभी. चेहऱ्यासकट.

काय लिहू? भुईमुगाच्या दाण्यापेक्षा लहान चेहरा. त्यात एक बाई होती. थकलेली, पण पत्ता विचारलात तर सांगणार नाही अशी. डावी पापणी जराशी खाली आलेली. ओठ मिटलेले, आत काहीतरी चघळत असल्यासारखे.

‘तुम्ही चेहरा टाकून दिला होतात ना,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला वाटलं, वाया कशाला जायचा. तुमचा बारीक ब्रश चांगला आहे. धुऊन ठेवलाय.’

विचारलं नाही, सवरलं नाही. दुसऱ्याच्या कामात हात! हिला सांगणार होतो, पण काय सांगू? तुझ्या आईने माझ्यापेक्षा चांगलं रंगवलं म्हणून?

२० मार्च

पुसून टाकणार.

२१ मार्च

पुसला नाही.

२३ मार्च, रविवार

फोटो काढला. दिवा एकच. सासूबाई पलंगावरून सूचना देत होत्या आणि मी त्या ऐकतोय असं दिसू न देता ऐकत होतो.

फॉर्म भरून पाठवला. ‘रंगकाम’ या रकान्यात माझं नाव लिहिलं. यात गैर काही नाही. झगा माझा, कंदील माझा, हात माझे, पायाखालचा दगड माझा. क्षेत्रफळ काढलं तर चेहरा चार टक्केही भरणार नाही. आणि माझा पहिला नंबर यायची शक्यता त्याहून कमी.

३१ मार्च, सोमवार

पहिला आलो.

अध्यक्षांचा फोन ऑफिसात आला. ‘मी चाळीस वर्षं जनावरांच्या डोळ्यांत पाहिलं, पण असे डोळे पाहिले नाहीत,’ म्हणाले. ही स्तुतीच असावी. दंतवैद्याचा मेसेज: ‘अभिनंदन. अनपेक्षित.’ दोनच शब्द. ते लिहितानाही त्याचा जबडा दुखला असेल.

हिने बावीस वर्षांत पहिल्यांदा मिनिएचर हा शब्द वापरला. ‘यांच्या मिनिएचरला पहिलं बक्षीस,’ असं शेजारी सांगून आली. मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, ‘छान झालं, जावईबापू.’

खोचकपणे म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. तशा म्हणाल्या नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

तेरा तारखेला सगळ्यांसमोर चेहरा रंगवायचाय!

५ एप्रिल, शनिवार

शेवटी त्यांनाच विचारलं. ‘आई, जरा दाखवता का, कसं केलंत?’

शिकवायला कडक आहेत. ‘आधी डोळे काढू नका. खोबण करा. खड्डाच नसेल तर डोळा ठेवणार कुठे?’ रेघ ओढायची ती श्वास सोडताना. हात टेबलाला टेकवायचा, ब्रश नाही. शाळेनंतर कुणी माझं मनगट धरून रेघ काढून घेतली नव्हती.

‘ही बाई कुणावर रागावलीय?’

‘कुणावरच नाही.’

‘मग कशाला रंगवताय तिला?’

दिवसभरात चार चेहरे केले, चारही पुसले. नावाच्या रकान्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी तीनदा विषय काढायला गेलो आणि तीनदा पाणी हवंय का असं विचारून आलो.

९ एप्रिल, बुधवार

आज घरात उलथापालथ.

हिला शाळेत मैत्रिणींना दाखवायचा होता म्हणून तिने फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, झगा बघतेय.

‘ही आजी आहे.’

‘कंदीलवाली म्हातारी आहे. सहाही जणांना तीच दिली होती.’

‘माझी आजी. आईची आई. मी पाच वर्षांची होते ती गेली तेव्हा. पापणी बघ. हे ओठ बघ. तिचा एकही फोटो नाही कुठे. तू कुठे पाहिलंस तिला?’

योगायोग असेल, असं मी म्हणालो. गणिताच्या शिक्षिकेला हे सांगायला नको होतं. ‘शक्यता किती, काढून दाखवू?’ म्हणाली. मग उठून आईकडे गेली. मी दारात उभा राहिलो, ना आत ना बाहेर.

सासूबाईंनी भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, ‘स्टुडिओत ये म्हटलं की आई उद्या येते म्हणायची. इतक्या लोकांची तोंडं केली, तिचं राहून गेलं होतं. रिकामा चेहरा समोर दिसला, हात गेला तिकडे.’

‘आणि त्याने त्यावर स्वतःचं नाव घातलं?’

‘असू दे. झगा त्यांचाच आहे.’

ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढला नाही. ‘लोकांच्या तराजूखाली काय चिकटवलंय ते शोधत फिरतोस ना रे तू दिवसभर?’

जेवण झालं. चार टक्क्यांचा हिशेब तोंडावर आला होता. गिळला.

११ एप्रिल, शुक्रवार

प्लॅस्टर काढलं. सासूबाई काठी घेऊन चालतात. प्रदर्शनाला येणार म्हणतात. नको म्हणायची माझी हिंमत नाही.

१३ एप्रिल, रविवार

घडलं ते सगळं लिहितो, नाहीतर उद्या मीच त्यात रंग भरीन.

हॉल भरलेला. म्हणजे पस्तीस माणसं. टेबलावर बाकीच्यांच्या पाच म्हाताऱ्यांशेजारी माझी म्हातारी, मागे भिंतीवर तिचा हातभर मोठा केलेला फोटो, खाली माझं नाव. अध्यक्षांनी कोरी मूर्ती, ब्रश, पाणी समोर ठेवलं. दंतवैद्य इतका जवळ येऊन बसला की त्याच्या तोंडाचा लवंगेचा वास येत होता. पहिल्या रांगेत ही आणि सासूबाई.

ब्रश उचलला. हात टेकवला. श्वास सोडला. रेघ बरी आली असती बहुतेक. पण वर पाहिलं तर सासूबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या. बोलावल्यावर माणूस येईल की नाही याची वाट बघत बसतात, तशा.

मी ब्रश ठेवला. ‘चेहरा माझा नाही,’ म्हणालो. ‘या माझ्या सासूबाई. तो यांनी रंगवलाय. फॉर्मवर मी खोटं लिहिलं.’

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. मंडळातून काढतील. दंतवैद्य तर आयुष्यभर पुरेल असं काहीतरी बोलेल. मी मान खाली घालून तयार राहिलो. काहीच होईना म्हणून वर पाहिलं तर माझ्यासमोर कुणीच नव्हतं. पाचही जण सासूबाईंभोवती. अध्यक्षांनी खुर्ची ओढली होती, दंतवैद्य गुडघ्यावर बसून विचारत होता, ‘पापणीला कुठला ब्राऊन?’

‘ब्राऊन नाही. जांभळा आणि हिरवा. आणि तुम्ही तुमच्या म्हातारीला दात फार दिलेत. कुठून आणणार ती एवढे?’

दंतवैद्याने ते लिहून घेतलं.

नंतर नियम पाहिले गेले. सासूबाई सभासद नाहीत, सबब बक्षीस दुसऱ्या नंबरला. कप दंतवैद्याला. फोटोखालचं माझं नाव अध्यक्षांनी पेनाने खोडलं आणि आईंचं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मला शिव्या द्यायचं सगळेच विसरले. इतका अपमान शिव्यांनी झाला नसता.

परतताना ही म्हणाली, ‘बरं केलंस.’ तेवढंच. मला पुरलं.

१५ एप्रिल, मंगळवार

हिने फोटो मामांना पाठवला होता. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, चौऱ्याऐंशीचे. आज त्यांचा फोन आला. हिने स्पीकर लावला.

‘फोटो पाहिला गं. छान आलीयस.’

‘मी नाही रे दादा. आई आहे ती.’

‘आई? आई गोल चेहऱ्याची होती. ही तू आहेस.’

मी फोटो पाहिला, मग सासूबाईंकडे पाहिलं. ती पापणी, ते ओठ. सहा आठवडे मी दीड हातावर बसलो होतो.

त्यांनी फोटो जवळ ओढून पाहिला आणि पालथा ठेवला. मग म्हणाल्या, ‘जावईबापू, कोरी म्हातारी आहे का अजून एखादी?’

होती. काढून दिली. त्यांनी फोन कानाशी नेला.

‘गोल म्हणजे किती गोल, दादा? सावकाश सांग. फोन ठेवू नकोस.’