कोरडी पिकदाणी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कपाळावर टेंगूळ असल्यामुळे वाकता येत नाही, हा उभ्याउभ्याच घातला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी अजून तुला जिना चढू नकोस म्हणून ओरडतात का? इकडे सगळं ठीक. म्हणजे, आता ठीक. खाली बैस आणि मग वाच: मला पुन्हा फिट आली होती. पण रडू नकोस, रडण्याचा भाग माझा मी उरकला आहे.

कॉफीच्या कारखान्यात चव पाहण्याचं काम मिळाल्याचं तुला कळवलंच होतं. लांबलचक टेबलावर कप मांडलेले असतात. प्रत्येकातली चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायची, जिभेवर घोळवायची आणि शेजारच्या पिकदाणीत थुंकायची. सुर्रकन ओढायला मी शिकले. (आईनं ऐकलं असतं तर घरात घेतलं नसतं.) पण थुंकायचं? चार माणसांत? तोंडात घेतलेलं बाहेर काढायचं नाही, हे आपल्याला किती बजावलेलं! तेव्हा मी आपली पिकदाणीवर वाकायची, रुमालानं ओठ टिपायची आणि गुपचूप गिळायची. दिवसभर हेच. पुढे पुढे झोपच उडाली, तर मला वाटलं, या वयात अंगात नवा हुरूप आलाय. कपाटं आवरली. मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. शेवटी हे म्हणाले, "अगं, त्या बरण्यांना तरी झोपू दे."

आणि एक दिवस त्या टेबलापाशीच कोसळले. आमच्या मुख्य परीक्षकांनी (त्यांना सगळे मागून नाकसाहेब म्हणतात) मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला कोट दिला, सगळं रीतसर केलं. फक्त मी डोळे उघडल्यावर न राहवून भाजलेल्या बिया नाकाशी धरल्या आणि विचारलं, "बाई, वास येतोय?" मी म्हणे "साबण" म्हणाले. ते त्यांना फार लागलंय.

ताई, दवाखान्यात मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतकी वर्षं गोळ्यांनी सांभाळून घेतलं होतं. आता त्याच हरल्या असतील, तर नोकरी गेली, एकटीनं रस्ता ओलांडणं गेलं. डॉक्टर (अगदी आपल्या भाचीच्या वयाची पोर) विचारू लागली. गोळ्या? एकही चुकवली नाही. झोप? जेमतेम. कॉफी? "सकाळी एक कप," मी म्हटलं. खोटं नाही गं, स्वतः केलेली तेवढीच मी धरत होते. ह्यांनीही गंभीरपणे मान डोलावली. तेवढ्यात दारातून नाकसाहेब कौतुकानं म्हणाले, "बाईंइतकं टापटीप माणूस नाही हो आमच्याकडे. सगळ्यांच्या पिकदाण्या भरतात, यांची सदा कोरडी!"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा भिंतीकडे.

मग तिनं समजावलं. सगळं खापर कॉफीवर छातीठोकपणे फोडता येत नाही. कुणाला ती सोसते, कुणाला नाही. पण इतकी कॉफी आणि वर जागरणं, म्हणजे फिटला आवतणच. एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची, झोप सांभाळायची, गोळ्या तशाच चालू. तपासण्या ठीक आहेत, गोळ्या हरलेल्या दिसत नाहीत. हे ऐकून मी इतकी रडले की नाकसाहेबांनी घाबरून नोकरी कायम असल्याचं तिथंच जाहीर केलं. अट एकच, थुंकायला शिकायचं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना गाढ झोप.

तुझी,
धाकटी

ता. क. कलिंगडाच्या बिया तू कुंपणापलीकडे उडवायचीस आणि मी शहाण्यासारखी वाटीत ठेवायची. शिकवायला ये. आरशासमोर पाणी घेऊन सराव करते. गाल फुगतात, डोळे विस्फारतात आणि शेवटी गिळते.

ता. ता. क. थुंकणं मी माझी शिकेन. डॉक्टरनं सध्या न्हाणीघराची कडी लावू नको म्हणून सांगितलंय. हे बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि सारखं "आहेस ना?" विचारतात, आवाज त्यांचाच कापतो. तू लहानपणी दाराबाहेर बसून पाढे विचारायचीस, जणू माझा अभ्यासच घेतेयस. चार दिवस येतेस? सतराचा मला अजून येत नाही.