मागच्या खोलीखाली काय भरावं

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार, आणि वहिनीलाही सांग. आम्ही दोघी ठीक आहोत. इथे सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली आहे, पण दुपारी असं लख्ख ऊन पडतं की अंगणात बसलं तर स्वेटर काढावा लागतो. चार महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस, पण तू मोठा आहेस, म्हणून तुझं चालतं.

कामाचंच विचारायला बसले आहे. मागची खोली आईसाठी नीट करून घेतोय. जुनी फरशी उखडली, खाली छातीइतका खड्डा खणला. छपरावर काळ्या पट्ट्या बसवायच्या, त्यांतून पाणी फिरवून उन्हाची ऊब खाली आणायची आणि फरशीखाली साठवायची, अशी योजना आहे. हे काम करणाऱ्याला आई ‘ऊनवाला’ म्हणते. माणूस सज्जन आहे, फक्त समोरचा चहा गार होईपर्यंत बोलत राहतो. तुझा सगळा जन्म नळ जोडण्यात गेला म्हणून विचारते: टाकीपासून फरशीखाली फिरवायची नळी तांब्याची घ्यावी की प्लॅस्टिकची? तो प्लॅस्टिक म्हणतो. आईचा त्याच्यावर विश्वास आहे, त्याच्या सांध्यांवर नाही.

टाकी लिहून गेले. म्हणजे पाण्याचं ठरलं. ते कसं ठरलं, ते सांगायला हवं.

ऊब कशात साठवायची हाच मोठा प्रश्न होता. ऊनवाल्याने चार सारखे डबे आणून अंगणात मांडले. एकात पाणी, एकात गोटे, एकात आपल्याच खड्ड्यातली माती, एकात मेण. दिवसभर उन्हात ठेवायचे, संध्याकाळी जुन्या रजईत गुंडाळायचे आणि सकाळी किती ऊब उरली ते बघायचं. त्याने तापमापक दिला होता, तो आईने बाजूला सारला. तीस वर्षं बेकरीची भट्टी सांभाळलेली बाई ती, हाताची पालथी बाजू टेकवते आणि सांगते. मेणाला तिने पहिल्याच सकाळी नापास केलं. महाग आहे, वास येतो, शिवाय मी काय केक आहे का मेणबत्त्या लावायला, म्हणाली. गोटे जेमतेम कोमट असायचे. माती त्यांच्या आसपास. पाणी रोज पहिलं यायचं.

मी माती निवडली.

विचारणाऱ्या प्रत्येकाला मी कारणं सांगत सुटले. स्वस्त पडते, गळत नाही, पन्नास वर्षं बघायला नको, आणि डब्यातल्या मातीवर जाऊ नका, खोल मातीत उन्हाळ्याची ऊब थेट हिवाळ्यापर्यंत राहते. यातलं एकही खोटं नाही. एक गोष्ट तेवढी मी हळूच उरकायचे. एवढी माती आतून तापायला दोन-तीन वर्षं जातात. पहिल्या हिवाळ्यात काहीच हाती लागत नाही.

दादा, मला तेच हवं होतं. माती घातली की तिसऱ्या हिवाळ्याबद्दल बोलता येत होतं. तेव्हा पलंग खिडकीशी ठेवायचा की भिंतीशी, आई घरात अनवाणी फिरेल की मोजे सोडणारच नाही, असं आम्ही रोज काहीतरी बोलायचो. ती विचार करून उत्तरं द्यायची. पडद्यांच्या रंगावरून तर आम्ही चांगल्या भांडलो, दोन दिवस अबोला होता. मला मनातून बरं वाटायचं. बघ, हिला काही माहीत नाही, म्हणजे मी केलं ते बरोबर केलं.

दवाखान्याच्या जिन्यातलं ते बोलणं तूही विसरला नसशील. डॉक्टरांनी आपल्या दोघांनाच आत बोलावून सांगितलं होतं, फार तर पुढचा उन्हाळा. बाहेर आल्यावर तू म्हणालास, आईला सांगूया, ते तिचं आहे. आणि मी म्हटलं, सांगितलंस तर तू माझा कोणी नाहीस. तू आईला काही न सांगता गेलास आणि मग आलाच नाहीस. दादाला कामातून सवड नाही, असं मी आईला सांगत राहिले.

परवा मंगळवारी ऊनवाला मजूर घेऊन खड्डा भरायला आला. आई खुर्ची ओढून काठाशी बसली, दोन जोड मोजे घालून. हल्ली तिचे पाय गरमच होत नाहीत. तिने त्याला विचारलं, माझी भट्टी एकदा गार पडली की पुन्हा तापायला दोन दिवस घ्यायची, तुमची ही माती किती घेईल? त्या बिचाऱ्याला काय माहीत. पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी जरा कोमट, तिसऱ्या वर्षी बघा मजा, असं तो रंगात येऊन सांगू लागला. आणि पाणी? पाणी आठ दिवसांत, ऊन चांगलं असेल तर.

“मग पाणी घाला,” आई म्हणाली.

मी टिकाऊपणाचं पालुपद सुरू केलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग गॅस बारीक कर म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, “अगं, तिसरा हिवाळा मला नाहीये. तुझ्यासाठी मी पडदेसुद्धा निवडले. पण पाय माझे आहेत, आणि ते आत्ता गारठलेत.”

ऊनवाला खड्ड्यात उतरून उगाचच मापं घ्यायला लागला.

तिला ऑगस्टपासून माहीत होतं. चादर शोधताना माझ्या कपाटात डॉक्टरांच्या रिपोर्टांचं पाकीट तिला सापडलं. वर तिचंच नाव, म्हणून उघडलं. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणते, “तू इतकी मन लावून खोटं बोलत होतीस, मला मोडवेना.” मी रडले. तिने रडू दिलं, आणि मग मजुरांसाठी चहा टाकायला पाठवलं.

म्हणजे दोन महिने ती मला जपत होती, आणि तू तिच्याजवळ असतास ते चार महिने मी घालवले. हे लिहायला मला दोन दिवस लागले, वर पाइपाचं लिहायला पाच मिनिटं.

टाकी पुढच्या शुक्रवारी येते. फरशी त्यानंतरच्या बुधवारी बंद करायची. एकदा बंद झाली की सांधे बघायला मिळणार नाहीत, म्हणून ते तुझ्या हातचे हवेत, हा आईचा हट्ट आहे. नळी कुठली ते इथे येऊनच ठरव. आईशी जे बोलायचं होतं ते बोल. मी मध्ये येणार नाही, पाहिजे तर बाहेर जाऊन बसेन.

तू येशील याची आईला खात्री आहे. तुझ्यासाठी उशीसुद्धा काढून ठेवली तिने. वाट मी एकटीच बघतेय.

चुकलेली, तुझी
धाकटी