पंखाला काकवी

३ सप्टेंबर १९७३
स्टाफरूममध्ये शामकांतने माझ्या यंत्राला सगळ्यांदेखत ‘टकटक्या’ म्हटले. भौतिकशास्त्राचा हेड झाल्यापासून फार माजलाय. तत्त्व साधे आहे. धातूला भेग पडू लागली की बारीक आवाज होतो. ग्रामोफोनच्या पिक-अपमधला स्फटिक तो पकडतो आणि हेडफोनमध्ये टक ऐकू येते. विमानाचा पंख तुटण्याआधीच कळणार! या अपमानाचा सूड घेणार. पण शांतपणे.

४ सप्टेंबर
शांतपणे जमेना. त्याच्या सायकलची हवा सोडली. सायकल प्रिन्सिपॉलांची निघाली. यालाही शामकांतच जबाबदार.

९ सप्टेंबर, रविवार
देव आहे. उसावर पाकोळी कीड पडली म्हणून साखर कारखान्याने फवारणीचे विमान मागवलेय. कॉलेजमागच्या माळावर उतरणार. चेअरमन काकासाहेबांकडून तपासणीची परवानगी काढली. शामकांतलाही बोलवा, असे मीच आग्रहाने सांगितले. त्याने बघायलाच हवे.
पिक-अप सौ.च्या ग्रामोफोनचा काढला. तिच्या माहेरून आलेला. देशासाठी हवाय म्हणालो. तिने रेकॉर्डी आवरून ठेवल्या, म्हणजे संमती.

११ सप्टेंबर
पिक-अप आणि पंख यांच्यात हवा राहता कामा नये. मध्ये काहीतरी चिकट हवे. शामकांत म्हणाला, ग्रीस लाव. म्हणूनच लावणार नाही. उद्या श्रेय मागायला येईल. सासऱ्यांच्या, आबासाहेबांच्या गुऱ्हाळाची घट्ट काकवी घरात आहे. झकास चिकटते.

१३ सप्टेंबर
काल विमान उतरले; संध्याकाळी पंखाला पिक-अप चिकटवून आलो. आज सकाळी हेडफोन लावला. टक. टकटक. टकटकटक! पंखभर भेगा! विमान उडवू नका म्हणून ओरडलो. काकासाहेबांनी घाबरून मुंबईहून इंजिनीअर मागवला. शामकांतचे तोंड बघण्यासारखे झाले होते. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. त्याला दोन दिले.

१४ सप्टेंबर
आबासाहेब आले. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, जावईबापू, तुमचं इमान उभं हाय अन् माझा ऊस वाळाया लागलाय, आनखी दोन दिस गेले तर हाती काय बी लागायचं न्हाई. विज्ञानात घाई चालत नाही, असे त्यांना समजावले. ते सौ.कडे बघून निघून गेले.

१६ सप्टेंबर, रविवार
इंजिनीअर आला. एकही भेग नाही. शामकांतने पिक-अप उचलला. खाली मुंगळ्यांची पंगत बसलेली. त्याने बोटाने काकवी चाटली आणि सगळ्या सभासदांसमोर विचारले की घरची का? माळभर हशा. आबासाहेब तेवढे हसले नाहीत. विमान उडाले. त्यांच्या शेतात फवारण्यासारखा ऊस फारसा उरला नव्हता.

१८ सप्टेंबर
पिक-अप परत बसवून दिला. सौ.ने रेकॉर्ड लावली. गाण्यात टकटक. आत एखादा मुंगळा राहिलाय. शामकांतनेच सोडला असणार, हे तिला पटवून सांगितले.
ती ग्रामोफोन उचलून माहेरी गेली. जाताना म्हणाली, आबांचा ऊस तर गेला, निदान गाणं तरी ऐकू देत त्यांना.
काकवीची बरणी माझ्यासाठी ठेवलीय.