मंडळींचं हसू

सेलू, मंगळवार, दिवेलागणीला

उगाच बोलले. बाबा गेल्यापासून आई रोज संध्याकाळी नव्वदच्या दशकातली ती अमेरिकन विनोदी मालिका लावते. इंग्रजी कळत नाही, पण मागून हसू आलं की तीही हसते. म्हणते, "मंडळी लय हसायलेत आज."

आज शेवटचा भाग. तिकडे म्हणे तेव्हा अख्खा देश टीव्हीपुढे बसला होता. आणि मी शहाणी सांगून बसले, "आई, ते हसू जुनं, टेपवरचं असतं. मंडळी नसतात आता तिथं."

काय गरज होती? हसू येत राहिलं. आईनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "म्हंजे इतके दिवस मी एकटीच हसायलते?"

मी रोज शेजारच्याच खोलीत असते. मोबाईल घेऊन.