नावाड्याच्या दारात

ती. ताईस,
दमल्या पायांनी वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. सरोवराकाठची वाट सपाट आहे, सायकलही कुरकुरत नाही. ही गेल्यावर घर खायला उठलं होतं; इथे निदान पाण्याची सोबत असते. तुझी कंबर कशी आहे?

आज चाक पंक्चर झालं. आसपास चिटपाखरू नव्हतं. सायकल ढकलत एका नावाड्याच्या दाराशी पोचलो. त्याने पंक्चर काढून दिलं. त्याच्या म्हाताऱ्या बायकोने सहज विचारलं, "जेवलास का रे?" आणि मला रडूच कोसळलं.

ती म्हणाली, "आधी जेव. मग हवं तेवढं रड."

पोटभर जेवलो. सरोवराभोवतीची फेरी अर्धीही झालेली नाही, पण उद्या मागे वळतोय. भाऊजींना विचारशील, तुमची मधली खोली रिकामी आहे का?

तुझाच,
धाकटा