पाच मिलिमीटर पुढे

३ मार्च
दादाच्या दातांचे ठसे घेतले. लॅबमधले सगळे घरी गेल्यावर, चोरासारखे! बावीस वर्षं कवळ्या आणि साचे करतेय. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कशाला हात लावला नव्हता. पण वहिनी रडकुंडीला आलीय. दादा घोरतो, मध्येच त्याचा श्वास अडकतो, ती हलवते, मग पुन्हा सुरू. झोपेची तपासणी कर म्हटलं तर म्हणतो, रिपोर्ट डेपोत गेला की ड्रायव्हरकी जाईल, हातातली बस काढून घेतील. मीच म्हटलं, ‘मी आहे ना.’

९ मार्च
बसवलं. वर-खाली दातांवर एकेक साचा, बाजूला स्क्रू. खालचा जबडा पुढे धरला की घसा मोकळा राहतो. किती पुढे, ते डॉक्टर ठरवतात. मी अंदाजानेच पाच मिलिमीटर पुढे घेतला. आरशात बघून दादा म्हणाला, पहिलवान दिसतोय की मी.

११ मार्च
घोरणं बंद! लग्नानंतर पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले, म्हणते वहिनी.

२ एप्रिल
दादा जेवता जेवता पेंगला. घास हातातच! वहिनी हसली, मीही हसले.
घरी आल्यावर आठवलं — लॅबला काम देणाऱ्या डॉक्टरीणबाई एकदा बजावत होत्या, घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही. साचा घालून पुन्हा तपासणी करायची. दादाला सांगायला हवं. चिडेल म्हणून गप्प बसले. छे, खोटं कशाला लिहू? माझं बिंग फुटेल म्हणून.

१९ एप्रिल
बस दुभाजकावर चढली. भरदुपारी. दादाचा डोळा लागला होता. एका बाईंचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. दादाला कपाळावर सात टाके.
मेली असती माणसं. माझ्यामुळे.

२४ एप्रिल
शेवटी तपासणी झाली, साचा घालूनच. तासाला एकतीस वेळा श्वास अडकतो. फक्त आवाज नाही.
पुन्हा तपासणी करायला हवी हे मला ठाऊक होतं, ते वहिनीला सांगितलं. वाटलं, वाट्टेल ते बोलेल. ती भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, ‘हे घोरायचे तेव्हा मी जागी असायचे गं. अडकलं की हलवायचे.’
दादाच्या शेजारी एक माणूस जागं होतं. तेही मी झोपवलं.

२७ एप्रिल
लॅबमध्ये एक साचा जास्तच घासला गेला. मालकांनी विचारलं, बरं नाही का? नाही म्हटलं. तेवढ्यावरच भागवलं.

२ मे
वहिनीकडून आज कळलं. डेपोच्या चौकशीत दादाने लिहून दिलंय — साचा बाजारातून आणला, घरच्या कुणाला माहीत नव्हतं, चूक सर्वस्वी त्याची.
डेपोत निघालेय. वही सोबत नेते. तारखा हिच्यातच आहेत.