वेल्ह्याकडची एक ओळ

भोर, नोव्हेंबर २००६. गुरुवार, संध्याकाळ.

ती ओळ इथूनच वेल्ह्याच्या राउटरमध्ये लिहिली आणि तो पुन्हा सुरू केला. आमच्या दोन्ही ऑफिसांमधले फोन आणि फायली या मशीनांमधूनच, एकाच तारेवर जातात. एकच ओळ: आवाज आधी सोडायचा, फायली मागून. भोरच्या राउटरवर ती महिन्यापूर्वीच लिहिली होती, वेल्ह्याच्या राउटरवर राहून गेली. म्हणजे माझं बोलणं तिकडे स्वच्छ पोचत होतं. तिकडचं मात्र संध्याकाळी तिथून येणाऱ्या फायलींमागे अडकून तुटत होतं. हे आज कळावं?

पंधरा दिवसांपूर्वी याच फोनवर वेल्ह्याच्या ऑफिसातल्या सुमनला विचारलं होतं, माझ्याशी लग्न कराल का? उत्तरात नुसते तुकडे, मग काहीच नाही. मी म्हणालो, "समजलो. राहू दे." आणि फोन ठेवला. केवढ्या ताठ्यात. तेवढं तिला स्वच्छ ऐकू गेलं असणार.

आज चाचणीसाठी फोन केला.

"आता तुमचा आवाज नीट येतोय," मी म्हणालो. "त्या दिवशी तुमचं काहीच ऐकू आलं नव्हतं."

ती म्हणाली, "म्या व्हय म्हटलं व्हतं. दोन येळा."

"मग आता..."

"रविवारी माझी सुपारी फुटली. वरव्याचं स्थळ." आणि हसली. "तुमचं मशीन बी तुमच्यावानीच. निस्तं आपलंच ऐकवतंय."

प्रत्येक शब्द ऐकू आला.

एक ओळ. लिहायला किती वेळ लागला? मिनिटभर.

शुक्रवार, सकाळ. तक्रारवहीत वेल्ह्यासमोर 'आवाज सुरळीत' असं लिहून सही केली.